जोंधळ्यावर ताणलेलं गाणं

मी एकदा एका इंग्रजी गाणाऱ्याला आमच्या जोंधळ्यात चिमण्या हाकायला लावलं. या बांधाच्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत त्याला ताणून बांधलं, जागोजागी गाठी मारल्या, आणि वर स्वतःवरच खूश होऊन लिंबाखाली बसून भाकर खाल्ली. असलं शहाणपण चाळिशीतल्या बाईलाच सुचतं. विशीत बाई भीत असते, साठीत थकलेली असते. चाळिशीत मात्र तिला जगातलं सगळं कळत असतं. मला तर जरा जास्तच कळत होतं.

हसण्याआधी तेव्हाची रीत ऐका. नव्वद सालानंतरची ती वर्षं. गोफणी मागं पडल्या होत्या. माळ्यावर उभं राहून दिवसभर ओरडायला घरात माणूस उरलं नव्हतं. मग कुणीतरी काढलेली युक्ती गावोगाव पसरली. जुन्या कॅसेटी फोडायच्या, आतली तपकिरी फीत ओढून काढायची आणि कणसांच्या वर वीतभर उंचीनं खुंटांना ताणून बांधायची. वारं सुटलं की फीत घुमायची. भुंग्यासारखी नाही, त्याहून बारीक. कानाआधी दातांना कळायची. उन्हात लखलख करायची. चिमण्यांचा थवा यायचा, वरच्या वर गिरकी घ्यायचा आणि शेजाऱ्याच्या शेतात उतरायचा. संक्रांतीच्या सुमाराला वसमतहून औंढ्याकडं जीपनं निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी आरत्या, लग्नातली गाणी, कुण्या महाराजांची प्रवचनं अशी जोंधळ्यावर चमकत पडलेली असायची, आणि सगळ्यांचा मिळून एकच सूर निघायचा.

आमच्या घरात फोडण्यासारख्या कॅसेटी संपल्या होत्या. एक राहिली होती. गजूची.

गजू म्हणजे गजानन, माझा थोरला; त्याच्या पाठीवर एक लेक. तेव्हा नांदेडला शिकायला होता. वसतिगृहातल्या कुणाकडून तरी ती कॅसेट उतरवून आणली होती. वर नाव नाही, चित्र नाही. ब्लूज रॉक म्हणतात त्याला, असं तो सांगायचा. सुट्टीत आला की टेप माळवदावर नेऊन ठेवायचा, आणि त्याचे दोन दोस्त, बालाजी आणि श्रीकांत, जिना धडधडवत वर जायचे. तिघं तासन्‌तास ऐकायचे, मग तासन्‌तास भांडायचे. मी खाली ज्वारी पाखडत बसलेली. वरून येणारा आवाज म्हणजे काय सांगू! गिटार अशी करकरायची की विहिरीच्या गंजलेल्या रहाटाला वंगण घालावं वाटायचं. गाणारा घोगरा. मागं सारखी घरघर. मला वाटायचं, उंदरानं फीत कुरतडली असावी, नाहीतर ओल लागली असावी.

एकदा मी वर जाऊन म्हटलं होतं, "अरे, बिघडलेली कॅसेट काहून वाजवून राहिलात? टेप खराब होईल."

गजू हसला नाही. शांतपणे म्हणाला, "माय, ती बिघडलेली न्हाई. तो दुःखात हाये."

"दुःखात हाये तर घरी बसावं. कॅसेट काहून काढली?"

त्यावर बालाजी इतका हसला की त्याच्या हातातला चहा पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. मीही हसले. मोठा विनोद केला असं वाटलं मला. दुःखात माणूस घरी बसून राहतं अशी माझी समजूत होती, कारण दुःख काय असतं ते मला ठाऊकच नव्हतं. सासू कडक होती, एक बैल मेला होता आणि दोनदा गारपीट झाली होती, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला सोसलेली बाई म्हणवून घ्यायची.

तर गजू नांदेडला गेला आणि मी ती कॅसेट फोडली. बिघडलेलीच होती, चिमण्यांच्या तरी कामी येईल. फीत काढताना बोटांना गार लागत होती, आणि वास येत होता नव्या दप्तरासारखा. चार दिवस तिनं असं काम केलं की आमचे घरधनी जेवताना म्हणाले, "यंदाची फीत चांगली हाये. आरतीपेक्षा चिमण्या हिला जास्त भेतात."

शनिवारी गजू आला. हुरड्याला म्हणून बालाजी-श्रीकांतला घेऊन थेट शेतातच आला. तो धुऱ्यावर थांबला, वर चमकणाऱ्या फितीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर तेव्हा कौतुक मागणारं हसू होतं. ते हसू आठवलं की आजही पदरानं तोंड झाकून घ्यावं वाटतं.

"माय, ही कोणती?"

"तीच रे, तुझी बिघडलेली."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि जोंधळ्यात शिरला. कणसांच्या वर त्याचं नुसतं डोकं दिसत होतं. पाठोपाठ श्रीकांत शिरला, मग बालाजी. तिघांनी फीत सोडवायला सुरुवात केली, गाठ न कापता, नखानं एकेक उकलत. जिथं तुटली होती तिथली टोकं जपून धरत. श्रीकांत तिकडून ओरडत होता, "गज्या, इथं चिमणीची शीट हाये रे! कोणतं गाणं असंल?" आणि बालाजी म्हणत होता, "शीट बराबर गिटारवर पडली असंल. चिमणीलाबी कळतं."

मग गजूही हसला. मी धुऱ्यावर उभी, ओंजळीत तपकिरी गुंता. आगटीत कणसं फुटत होती, धुराला गोवऱ्यांचा आणि कोवळ्या दाण्यांचा गोड वास होता. आमच्या सगळ्यांच्या अंगाला जोंधळ्याची कूस चावत होती.

बालाजी तेव्हा विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायच्या दुकानात काम शिकत होता. त्यानं एका जुन्या कॅसेटच्या घरात ती फीत भरली, तुटलेले तुकडे चिकटपट्टीनं जोडले, पेन्सिलीनं गुंडाळली. आणि ती वाजली! गाणारा पुन्हा गायला लागला. पण आता खरोखरीच बिघडला होता. एके ठिकाणी अर्धी ओळ गायब. एके ठिकाणी तुकडा उलटा जोडलेला, तिथं तो कुण्या भलत्याच देशाची भाषा बोलायचा. आणि तिसऱ्या गाण्यात, जिथं वाऱ्यानं फीत सगळ्यात जास्त ओढली होती, तिथं आवाज पायरी चुकल्यासारखा खाली जायचा, खोल जायचा, आणि धापा टाकत परत वर यायचा.

त्या जागेला गजूनं नाव ठेवलं 'मायचा खड्डा'.

मग ते तिघं त्या खड्ड्यावरूनही भांडायचे. श्रीकांतचं म्हणणं, मूळ गाण्यात आवाज वर चढतो, आपण चुकीचं ऐकून राहिलो, नांदेडला जाऊन पुन्हा उतरवून आणावी. बालाजीचं म्हणणं, काही गरज न्हाई, माणूस रडताना असाच खाली जातो. गजू मात्र ते गाणं गायचा, खड्ड्यासकट. दगडावर आंघोळ करताना, म्हशीला पाणी दाखवताना, सायकलच्या चाकात हवा भरताना. त्याला इंग्रजी शब्द पुरते येत नव्हते, पण तो खड्डा बराबर यायचा. आवाज खाली सोडायचा, जिवाला घोर लागेल इतका वेळ खालीच ठेवायचा, आणि मग वर आणायचा. मी चुलीपाशी असले तर माझा हातही तेवढा वेळ थांबायचा. भाकर करपायची. मी त्याच्या नावानं ओरडायची. हे रोजचं होतं.

त्या वर्षांचे वास माझ्याकडं अजून आहेत. शिजवलेल्या हळदीची ओली, मातकट वाफ. माळवदावर उन्हात ठेवलेले टेपचे सेल. वीज दिवसदिवस नसायची, तेव्हा संपलेले सेल आम्ही पापडासारखे उन्हात वाळवून पुन्हा घालायचो, आणि ते अर्धं गाणं चालायचे. गजूच्या शर्टाला लागलेला जीपचा धूर. टेपचं हेड पुसायला तो कापसाचा बोळा अत्तरात बुडवायचा, स्पिरिट आणायचा कंटाळा म्हणून. त्यामुळं आमच्या घरातल्या ब्लूजला मोगऱ्याचा वास होता.

मग गजू गेला. सव्वीसचा होता. कशानं गेला, कुणाचं चुकलं, ते मी लिहिणार नाही. ते लिहायला बसले की एकेकाला कागदावर उभं करून फासावर चढवते, आणि शेवटी दोर माझ्याच गळ्यात उरतो. एवढंच सांगते की तो गेला, आणि मी घरी बसले. माझ्या जुन्या विनोदाप्रमाणं. आणि मग मला कळलं की दुःखातलं माणूस घरी बसतं, पण गप्प बसत नाही. माझ्या तोंडून जे निघायचं ते ऐकून गल्लीतली लेकरं पळायची. त्यात शब्द नव्हते. नुसती घरघर होती.

तेव्हापासून मी ती कॅसेट लावायला लागले. सडा झाला, चहा झाला, की टेप. पहिली दोन गाणी नुसती वाट बघायची. तिसरं लागलं की मी भिंतीला टेकायची, डोळे मिटायची. तो परका माणूस गात गात त्या खड्ड्याशी यायचा, खाली उतरायचा, आणि त्याच्या मागून, अगदी त्याच्या खांद्याला लागून, माझा गजू गायचा. रोज. एवढा स्पष्ट की मी ओ द्यायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, हिनं डोक्यावर परिणाम करून घेतला. घेतला असेल. डोक्याचं मला तेव्हा काय करायचं होतं?

पण फीत ती फीत. एका सकाळी टेपनं ती गिळली. मी ओढून काढली तर कुरडईच्या वाळल्या शेवेसारखी चुरगळलेली हातात आली. बालाजीला बोलावलं. त्यानं उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "मावशी, हिच्यावरचा मसालाच उडून गेला. आता नुसतं प्लास्टिक हाये."

तरी मला वाटलं, फीत गेली तर जाऊ दे, आवाज तर माझ्या कानात आहे.

तुरीच्या शेंगा सोलत बसले होते एकदा. सहज मनात म्हटलं, गजू 'माय' म्हणून हाक मारायचा ती ऐकावी. ऐकायला गेले तर आली ती जावयाची हाक. पुन्हा ऐकली. या वेळी ती माझ्या भावाच्या आवाजात आली. मी शेंगा खाली ठेवल्या. घाबरून सगळं चाचपडून बघितलं. त्याच्या मानेवरचा तीळ होता. जिन्यावर पावलं वाजायची ती होती. ठसका लागला की छातीवर बुक्की मारायचा ती होती. आवाज नव्हता. घरात एवढा टेप, त्याला आवाज भरायचं लाल बटण, त्यावर आम्ही कधी बोट ठेवलं नाही. दिवसभर बडबड करणाऱ्या पोराचा आवाज कोण साठवून ठेवतं? आपण पाणी साठवतो, धान्य साठवतो.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. आईनं लेकराचा आवाज हरवला, हे सांगायचं कसं? नातीला गोष्टी सांगताना गजूमामा काय म्हणाला ते सांगायची, पण माझ्याच आवाजात. तिनं एकदा विचारलं, "आजी, मामा तुझ्यासारखाच बोलायचा का गं?" मी म्हटलं, "व्हय, पण त्याला दात होते." ती खदखदून हसली आणि मी आत जाऊन पिठाच्या डब्यात तोंड घालून रडले.

आणि या हिवाळ्यात पुण्याहून श्रीकांतचा फोन आला. तो तिकडं कॉम्प्युटरच्या नोकरीत. "मावशी, तुमचा चिमण्या हाकणारा पुन्हा आलाय बाजारात. तोच आल्बम. रीमास्टर केलेला, सीडीवर."

"म्हणजे काय केलं त्याला?"

"मूळ फितीवरून पुन्हा घेतला. साफ केला. एकेक वाद्य धुऊन काढल्यासारखं."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. मी एकच धरलं मनात. तिसरं गाणं लागेल, तो खड्डा येईल, आणि खड्ड्यात गजू उभा असेल. म्हटलं, "श्रीकांत, शेतात ऐकायचं. जोंधळ्याच्याच जागी." तिथं आता जोंधळा नसतो, तूर असते. तरी आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. इस्त्रीचं पातळ नेसले. लेकीनं विचारलं, कुणाचं लग्न हाये?

ठरल्या दिवशी श्रीकांत पुण्याहून गाडी घेऊन शेतात आला, बालाजी मोटरसायकलवर आला. बालाजीचं स्वतःचं दुकान आहे आता वसमतला. अलीकडं घरी येणं कमी झालेलं. मी समजायची, धंदा वाढला. श्रीकांतनं गाडीची चारी दारं उघडली आणि सीडी आत सरकवली. दोघांची डोकी पिकायला लागलीत, पण पहिल्या ठोक्यालाच भांडायला लागले.

"ड्रम बघ कसा मोकळा वाजून राहिला," श्रीकांत म्हणाला. "आणि मागं ती पेटी हाये, ऐकू येती का? आपल्याला माहीतच नव्हती."

"घरघर कुठं गेली?"

"घरघर आपल्या कॅसेटची होती बाल्या. गाण्यातली न्हाई."

"माझ्यासाठी गाण्यातलीच. हा तर नवरदेवासारखा दाढी करून आला. दुःखी कुठं वाटून राहिला?"

"दुःख जास्त कळून राहिलं उलट. श्वास ऐक त्याचा!"

मी मधेच म्हटलं, "गप बसा रे. तिसरं लागू द्या."

तिसरं लागलं. मी दाराची कड घट्ट धरली, डोळे मिटले. गाणारा चालत आला. त्याचा आवाज खरंच स्वच्छ होता, शेजारी उभा राहून गातोय असा. ती जागा जवळ आली. आणि तो त्या जागेवरून सरळ निघून गेला. डांबरी सडकेवरून गेल्यासारखा. थोडा वर चढला, एवढंच. श्रीकांत वीस वर्षांपूर्वी म्हणाला होता तसाच.

"पुन्हा लाव."

पुन्हा गेला.

"पुन्हा."

"मावशी, उन्हाची तकलीफ होईल तुमाला. सावलीत बसा."

"श्रीकांत, याला बिघडव."

"काय?"

"तू कॉम्प्युटरवाला हायेस ना? ताण त्याला. तिथं खड्डा कर. पाहिजे तर मी पुन्हा बांधते खुंटाला. ही तबकडी फोडून निघंल का फीत? सांग ना! मला त्या वेळी अक्कल नव्हती, आता हाये, आता चांगली ओढून बांधते!"

मी हसत म्हणत होते असं मला वाटत होतं. पण दोघं माझ्याकडं बघत होते त्यावरून मी हसत नसावे.

श्रीकांत हळू म्हणाला, "करता येतंय मावशी. पण तो खड्डा म्या केलेला असंल. तो वाऱ्यानं केला होता."

तेव्हा बालाजीनं गाणं बंद केलं आणि स्वतःच गायला लागला. तंबाखूनं जाड झालेला आवाज. पण त्याला येत होतं. तो खड्ड्याशी आला, खाली उतरला, थांबला, वर आला. जसंच्या तसं. मी कान देऊन त्याच्या मागं ऐकत होते, त्याच्या खांद्याला लागून कुणी आहे का. बालाजीच होता फक्त. एकटाच.

मग मी ते बोलून टाकलं. "पोरांनो, मला गजूचा आवाज आठवत न्हाई. सांगा कसा होता. जाड होता का बारीक?"

तुरीतून वारं गेलं. शेंगा वाजल्या.

"बारीक होता मावशी," श्रीकांत लगेच म्हणाला. "स्वच्छ. या सीडीसारखा."

"बारीक? घोगरा होता! हाक मारली की धुऱ्यापल्याड जायची."

"ती तुझी हाक, बाल्या. गज्या कधी मोठ्यानं बोलला का?"

"मोठ्यानं न्हाई तर काय? जिन्यावरून आवाज यायचा त्याचा!"

"नाकात बोलायचा थोडं."

"सर्दी असली की. एरवी छातीतून."

त्या सीडीवरून भांडले तसेच ते भांडत होते, आणि मी बांगड्यांच्या दुकानात हात पुढं करून बसावं तशी एकेक आवाज कानात चढवून बघत होते. बारीक घेतला, घोगरा घेतला, नाकातला घेतला. एकही आत जाईना. जोर केला तर दुखायचं. आणि भांडता भांडता त्यांचेही आवाज खाली आले. दोघं एकमेकांकडं बघेनात.

श्रीकांत चहाचा थर्मास आणायला गाडीच्या मागं गेला. तिथं बराच वेळ काही शोधत राहिला. बालाजी माझ्यासमोर ढेकळावर उकिडवा बसला. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले, मान खाली घातली आणि म्हणाला:

"मावशी, म्या खोटं बोललो. मलाबी त्याचा आवाज आठवून न्हाई राहिला. लई दिवस झाले. तुमी कधीतरी विचारताल म्हणून तुमच्या गल्लीतून जातानी गाडी पळवत होतो."